पेडल स्टील गिटार : एका यंत्रवाद्याचा जीर्णोद्धार

वाद्यांचा इतिहास लिहितांना बहुतेक लेखक वादकांचा इतिहास लिहितात. अमुक उस्तादांनीं अमुक बाज काढला, त्यांच्या शिष्यानें त्यांत भर घातली, येवढें सांगितलें म्हणजे वाद्याचा इतिहास झाला, असें समजण्याचा प्रघात पडून गेला आहे. वाद्य ही मनुष्यानें बनविलेली वस्तु आहे. ती झिजते, बिघडते, दुरुस्त होते, आणि दुरुस्त करणारा बहुधा तिच्यांत कांहींतरी बदलही करून ठेवतो, ही साधी गोष्ट अशा लेखनांत सहसा येत नाहीं. ज्या वाद्यांत भोपळा, लांकूड व तार यांपलीकडे फारसें कांहीं नाहीं, त्यांच्या बाबतींत ही उणीव एक वेळ खपून जाईल. परंतु ज्या वाद्याच्या पोटांत सळया, तरफा व स्प्रिंगा यांचें जाळें भरलेलें आहे, त्याचा इतिहास तें उलटें करून पाहिल्यावांचून समजणें शक्य नाहीं. अमेरिकेंत उदयास आलेली पेडल स्टील गिटार हें अशा वाद्यांचें ठळक उदाहरण होय.

या वाद्याच्या जाणत्या मंडळींत एक वाद बरींच वर्षें चालू आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वींची एखादी गिटार हातीं आली, आणि यंत्रणा झिजल्यामुळें ती सुरांत राहीनाशी झाली, तर काय करावें? जुने भाग जसेच्या तसे दुरुस्त करून वापरावे, कीं ते काढून त्यांच्या जागीं नवी व अधिक अचूक यंत्रणा बसवावी? प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा दिसतो. पण जुनी वस्तु राखणें म्हणजे नेमकें काय राखणें, हा मोठा प्रश्न त्यांत दडलेला आहे, आणि तो देवळें, वाडे व ग्रंथ यांच्या बाबतींत आपल्यापुढेंही वेळोवेळीं उभा राहतो. म्हणूनच या दूरदेशीच्या वाद्याची हकीकत मराठी वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटलें.

आपल्याकडे हवाईयन गिटार या नांवानें जें वाद्य ओळखलें जातें, तें पेडल स्टीलचें पूर्वरूप. व्हॅन शिपले व हजारासिंग यांनीं हिंदी चित्रपटगीतांच्या चाली त्यावर वाजवून तें घरोघर पोंचविलें. ब्रिजभूषण काबरा यांनीं तें रागसंगीतांत आणलें. आणि विश्वमोहन भट्ट यांनीं त्यांतून मोहनवीणा सिद्ध केली, तिच्या वादनास १९९४ सालीं अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिकाचा मान मिळाला. तारेवर बोटाऐवजीं गुळगुळीत कांडी फिरवून स्वर काढण्याची ही रीत आपणांस त्याहूनही जुनी आहे. विचित्र वीणा आणि दक्षिणेंतील गोट्टुवाद्यम् यांचें वादन याच तत्त्वावर चालतें.

पाश्चात्य गिटारीवर ही रीत प्रथम रुजली ती हवाई बेटांत. गिटार तेथें एकोणिसाव्या शतकांत मेक्सिकोकडील गुराख्यांबरोबर आली. ओआहू बेटावरील लाइये गांवीं १८७४ सालीं जन्मलेला जोसेफ केकुकू हा मुलगा कामेहामेहा शाळेंत शिकत असतां, १८८९ च्या सुमारास, गिटार आडवी घेऊन तिच्या तारांवर धातूची वस्तु सरकविण्याच्या नादीं लागला. प्रथम कंगवा, मग चाकूची बोथट बाजू, आणि शेवटीं शाळेच्याच कर्मशाळेंत घडविलेली पोलादी कांडी, असा त्याचा प्रयोगक्रम सांगतात. गेब्रिएल डेव्हियन नांवाच्या, हिंदुस्थानांत जन्मलेल्या एका तरुणानें केकुकूच्याही आधीं हवाईंत असें वादन केल्याची एक आख्यायिका आहे. ती आपल्या अभिमानास सुखविणारी असली, तरी तिच्यावर मोठी इमारत उभारणें शहाणपणाचें होणार नाहीं. १८९३ सालीं हवाईची राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली, १८९८ सालीं तीं बेटें अमेरिकेस जोडलीं गेलीं. पण राज्य गेलेल्या या लोकांचें संगीत मात्र जिंकणाऱ्यांच्या घरांत शिरलें. केकुकू १९०४ सालीं अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला व १९३२ सालीं तेथेंच वारला. सान फ्रान्सिस्को येथें १९१५ सालीं भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर हवाई संगीताची लाटच त्या देशांत पसरली. विजेच्या गिटारींत व्यापारी यश प्रथम ज्या गिटारीस लाभलें, ती जॉर्ज बीचम व अडॉल्फ रिकनबॅकर यांनीं १९३२ सालीं विक्रीस काढलेली, ओतीव ॲल्युमिनियमची व दिसायला थेट तव्यासारखी गिटारही मांडीवर आडवी घेऊन कांडीनेंच वाजविण्याची होती, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कांडीनें मींड सुरेख निघते. पण कांडी सरळ असते, ही या वाद्याची शक्ति आणि हीच त्याची अडचण. तारा सा, ग, प अशा लावल्या असल्या, म्हणजे कांडी कोठेंही ठेवली तरी सा-ग-प हाच मेळ मिळणार. फार तर तो वर किंवा खालीं सरकेल. एका वेळीं एकच स्वर घेऊन राग फुलविणाऱ्या आपल्या संगीतास ही अडचण फारशी जाणवत नाहीं. पाश्चात्य संगीत मात्र अनेक स्वर एकदम वाजवून, एका स्वरमेळांतून दुसऱ्या स्वरमेळांत पाऊल टाकीत पुढें जातें. सा-ग-प नंतर त्याच षड्जावर सा-म-ध हवा असेल, तर सरळ कांडीनें तो जागच्या जागीं मिळत नाहीं. यावर वादकांनीं प्रथम योजलेला उपाय म्हणजे एकाच वाद्यास दोन, तीन, प्रसंगीं चार गळे करणें व प्रत्येकाच्या तारा निराळ्या मेळांत लावणें. यामुळें निरनिराळे मेळ हाताशीं आले खरे. पण वाद्य जड झालें, आणि वाजत असलेला मेळ त्याच श्वासांत दुसऱ्या मेळांत मिसळून देणें अशक्यच राहिलें.

पायानें तारेचा स्वर बदलण्याची कल्पना युरोपांत नवी नव्हती. हार्प या वाद्याच्या दुहेरी क्रियेच्या पेडलांची रचना सेबास्तियां एरार या फ्रेंच कारागिरानें १८१० सालींच सिद्ध केली होती. गिब्सन कंपनीनें १९४० च्या सुमारास काढलेल्या पेडलयुक्त गिटारीस इलेक्ट्राहार्प असें नांव मिळालें, त्यांत या नात्याची खूण दिसते. तिचीं पेडलें मागील डाव्या पायाभोवतीं पंख्यासारखीं पसरलेलीं असत, आणि बसून वाजविणाऱ्यास तीं सोयीचीं नव्हतीं. पुढची मोठी सुधारणा केली ती पॉल बिग्स्बी या गृहस्थानें. हा मूळचा मोटारसायकलींच्या धंद्यांतील यंत्रकार. यानें कॅलिफोर्नियांतील डाउनी येथील आपल्या कर्मशाळेंत बनविलेल्या गिटारींत पेडलें समोरच्या दोन पायांमधील आडव्या पट्टीवर बसविलीं. स्पीडी वेस्ट या वादकास अशी गिटार १९४८ सालीं मिळाली. पेडलांची ती जागा आजतागायत कायम आहे. आपल्याकडे मिरजेस ज्यांनीं तंबोरे व सतारी घडविण्याची परंपरा घातली, ते शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे; त्यांची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. धातूशीं खेळणारा हात वाद्याकडे वळला, म्हणजे त्या वाद्यांत कांहीं निराळेंच शिरतें.

तथापि १९५३ पर्यंत पेडलांचा उपयोग बहुतेक वादक दोन ओळींच्या मधल्या उसंतीत मेळ बदलण्यापुरताच करीत. त्या वर्षाच्या अखेरीस वेब पियर्स याचें ‘स्लोली’ हें गाणें ध्वनिमुद्रित झालें, व त्यांत साथ करणाऱ्या बड आयझॅक्स यानें तारा निनादत असतांनाच पेडल दाबलें. परिणाम असा झाला कीं, मेळांतील एक स्वर स्थिर राहिला व बाकीचे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत म्हणावें तसे चढत जाऊन दुसऱ्या मेळांत विसावले. १९५४ सालीं तें गाणें अतोनात गाजलें, आणि हा नाद आपल्याही गिटारींतून निघावा म्हणून अमेरिकेंतील वादकांची एकच धांदल उडाली. ज्यांना नवें वाद्य परवडत नव्हतें, त्यांनीं हातीं लागेल त्या तारांनीं व पट्ट्यांनीं आपल्या जुन्या गिटारींना घरच्या घरीं पेडलें जोडलीं. पुढें थोड्याच वर्षांत बडी एमन्स या तरुण वादकानें आयझॅक्सच्या एका पेडलाचें काम दोन पेडलांवर वांटून दिलें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर एक पेडल पंचमाच्या तारेला धैवतावर नेतें, दुसरें गांधाराला मध्यमावर नेतें. दोन्ही एकदम दाबलीं म्हणजे सा-ग-प चा सा-म-ध होतो. एकेक दाबलें म्हणजे निराळेच मेळ मिळतात. पुढें गुडघ्यांनीं ढकलावयाच्या तरफा आल्या, व त्यांनीं षड्जालाही हलविलें. एका तरफेनें तो शुद्ध निषादावर उतरतो, दुसरीनें कोमल ऋषभावर चढतो.

आतां वाद्य उलटें करून पाहूं. पेडल दाबलें म्हणजे एक उभी सळई पेटीखालील आडव्या दांड्याला थोडा पीळ देते. दांड्यावर बसविलेली लहान तरफ त्यामुळें फिरते व एका लांब सळईला ओढते. ती सळई वाद्याच्या उजव्या टोकाशीं असलेल्या ज्या भागास जाऊन भिडते, त्यास चेंजर म्हणतात. चेंजरमध्यें प्रत्येक तारेसाठीं एक गोल माथ्याचा धातूचा तुकडा असतो. कारागीर त्यास बोट म्हणतात. तार या बोटावरून वळून अडकविलेली असते. बोट किंचित् फिरलें कीं तार ताणली जाते आणि स्वर चढतो. उलट फिरलें कीं उतरतो. आणि पाय उचलतांच स्प्रिंग त्यास मूळ जागीं आणते. म्हणजे हें बोट एकाच वेळीं दोन कामें करतें. सतारीच्या घोडीप्रमाणें तें तारेचा कंप पेटीस पोंचवितें, आणि यंत्राचा शेवटचा दुवा म्हणून पायाचें बळ तारेस पोंचवितें. या लेखांतील पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

ही यंत्रणा प्रत्येक कारखानदारानें आपापल्या बुद्धीप्रमाणें रचली. लिओ फेंडर या मूळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थानें १९५७ च्या सुमारास काढलेल्या गिटारींत सळयांऐवजीं सायकलच्या ब्रेकला असतात तसे पोलादी दोर वापरले. शॉट जॅक्सन व बडी एमन्स या दोघांनीं आपापल्या नांवांचे तुकडे जोडून शो-बड नांवाची संस्था टेनेसी संस्थानांत काढली. तिच्या आरंभींच्या एका नमुन्याचें नांवच पर्मनंट असें होतें. कारखान्यांत जे बदल बसवून दिले ते कायमचे, वादकानें त्यांत हात घालावयाचा नाहीं, असा त्या नांवाचा अर्थ. लवकरच तेथेंच फिंगरटिप हा नमुना निघाला व त्यांत वादकास पेडलांचे स्वर स्वतः जुळवितां येऊं लागले. त्यानंतर त्याच संस्थेच्या वाद्यांत सळईवरचे पिंपाच्या आकाराचे तुकडे दांड्यावरील चौकटींत अडकविण्याची पद्धत आली. एमन्स यानें १९६३ च्या सुमारास शो-बड सोडून रॉन लॅशली याच्यासह स्वतःची कंपनी काढली. तिच्या गिटारींत बोट अखंड एका तुकड्याचें असून सळया त्यास एका बाजूनें ओढीत व दुसऱ्या बाजूनें ढकलीत. पेडल सुटलेलें असतांना बोट धातूच्या आधाराला घट्ट टेकून राही. या पद्धतीस ओढ-ढकल पद्धत म्हणतात. ती जुळविणें अत्यंत किचकट, पण तिचा नाद भरदार व स्वच्छ, असा तिचा लौकिक आहे. अखेर सर्वत्र रूढ झाली ती सर्व-ओढ पद्धत. तिच्यांत बोट दोन-तीन तुकड्यांचें, कात्रीसारखें जोडलेलें असतें; चढविणें व उतरविणें दोन्ही ओढूनच होतें, आणि सळईच्या टोकावरील नायलॉनचा नट फिरविला कीं स्वर जुळतो. एमन्स कंपनीनेंही पुढें हीच पद्धत स्वीकारली.

असें वाद्य म्हातारें होतें तें कसें? तार बोटाच्या माथ्यावर हजारों वेळां पुढेंमागें घासते व तेथें खळ पडते. सतारीची घोडी अशीच झिजली म्हणजे आपण ती पुन्हा घासून जवारी काढतों. येथें मात्र झिजतें तें हाड किंवा शिंग नसून धातु असते. बोटें ज्या आंसावर फिरतात तो आंस व बोटांचीं भोंकें झिजतात. आडवे दांडे आपल्या खोबणींत खुळखुळूं लागतात. जुनें वंगण घट्ट होऊन खळीसारखें चिकटतें, स्प्रिंगांचा जोर ओसरतो, व कांहीं वर्षांतील वाद्यांत वापरलेले ओतीव जस्ताच्या मिश्रणाचे भाग तडकतात. याशिवाय दहा तारांचा मिळून ताण शंभर किलोंहून अधिक असतो. त्या भारानें वाकूं पाहणारी मेपलच्या लांकडाची पेटी पेडल दाबतांच आणखी किंचित् वाकते, आणि ज्या तारांना पेडलाचा स्पर्शही नाहीं, त्याही थोड्या उतरतात. या सर्वांचा परिणाम एकच. पेडल सोडल्यावर तार जेथून निघाली तेथें परत येत नाहीं. श्रुतीचा अगदीं अल्प अंश हुकतो. पण कानाला तेवढा पुरतो.

जीर्णोद्धाराचें काम करणारा कारागीर प्रथम सर्व तारा उतरवून सळया, स्प्रिंगा व तरफा एकेक करून काढतो, द्रावणांत धुतो, आणि बोटें कानशीनें व मऊ कापडानें घासून त्यांचा माथा पुन्हा गोल व गुळगुळीत करतो. येथवर कोणाचा वाद नाहीं. नवा आंस, नव्या स्प्रिंगा, खोबणींत नवीं कडीं बसविणें यासही बहुधा कोणी हरकत घेत नाहीं. वाद सुरू होतो तो यापुढें. साठ वर्षांपूर्वींच्या गिटारीस गुडघ्याची तरफ एखाददुसरी असे, किंवा मुळींच नसे. आज प्रचलित असलेल्या रचनेंत तीन पेडलें व चार-पांच तरफा लागतात. जुन्या चेंजरमध्यें एका तारेस एकदां चढविण्याची व एकदां उतरविण्याची सोय. आजच्या वादकास एकच तार दोन-तीन निराळ्या कामांनीं चढवावयाची असते. हें साधण्यासाठीं जुना चेंजर काढून नवा बसवावा लागतो, व तो नीट बसावा म्हणून कधीं कधीं लांकडांतील खांचही कापून रुंद करावी लागते.

जुन्याचे अभिमानी म्हणतात, मग त्या गिटारीचें उरलें काय? पेटी जुनी व यंत्र नवें, हें जुनें वाद्य नव्हेच. उलट बाजूचे म्हणतात, जें वाद्य सुरांत वाजत नाहीं तें कपाटांतील शोभेची वस्तु झालें. त्यास वाजतें करणें हाच त्याचा सन्मान. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. तरी इतिहासाची साक्ष काढली तर पहिल्या पक्षाची भूमिका जशीच्या तशी टिकत नाहीं. व्हायोलिनांत ज्यांचें नांव आदरानें घेतलें जातें, त्या स्त्रादिवारीच्या हातचीं वाद्येंही आज मूळ स्वरूपांत वाजत नाहींत. पुढच्या काळांत मोठ्या सभागृहांसाठीं अधिक आवाज हवा झाला, तेव्हां जवळजवळ सर्वांच्या माना बदलून लांब व अधिक कललेल्या करण्यांत आल्या व पोटांतील आधाराची पट्टीही नवी बसविली गेली. तीं स्त्रादिवारीचीं नव्हेत असें कोणी म्हणत नाहीं. पेडल स्टीलचा तर जन्मच अशा फेरफारांतून झाला. बिनपेडलच्या गिटारीला पेडलें जोडणारे, एका पेडलाचीं दोन करणारे, गुडघ्याला काम देणारे, हे सर्व लोक जुन्या वाद्यांत हात घालीत होते. या वाद्याच्या बाबतींत दुरुस्ती व नवनिर्मिति यांमध्यें स्पष्ट रेषा कधींच नव्हती.

परंतु येवढ्यावरून दुसरा पक्ष सर्वस्वीं जिंकला असेंही नव्हे. नवें तें अधिक चांगलें, असें या वाद्याचा इतिहास सांगत नाहीं. बाल्डविन कंपनीमार्फत १९७० च्या सुमारास विकल्या गेलेल्या शो-बड गिटारींत, तींच पेडलें एका गळ्यावरून दुसऱ्या गळ्याकडे वळविण्याची एक युक्तीची कळ होती. त्या काळची ती प्रगतिच. पण ती इतकी नाजूक ठरली कीं पुढें अनेक मालकांनीं ती काढून टाकून साधी रचना बसविली. उलट एमन्सची ओढ-ढकल पद्धत कालबाह्य ठरून कित्येक वर्षें लोटलीं, तरी वादक त्या जुन्या गिटारी शोधून शोधून घेतात व त्यांची यंत्रणा बदलण्यास धजत नाहींत. याचें कारण उघड आहे. त्या अखंड व घट्ट टेकलेल्या बोटांतूनच तो नाद येतो अशी त्यांची खात्री असते. बोट बदललें तर गिटार सुरांत राहील, पण ती गिटार बोलणार नाहीं.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, या वाद्यांत दोन वाटा निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत. एक बळाची वाट : पेडल, उभी सळई, आडवा दांडा, तरफ, लांब सळई. हे भाग पायाचा जोर वाहून नेतात. नादाशीं त्यांचा संबंध फार थोडा. ते झिजले तर नवे घालावे, कमी पडले तर वाढवावे. वाद्याच्या स्वभावास त्यानें धक्का लागत नाहीं. दुसरी नादाची वाट : तार, बोट, त्याचा आधार, लांकूड, व तारेचा कंप टिपणारें विद्युत् यंत्र. या वाटेवर हात घालतांना दहादां विचार करावा. आणि बोट हें दोन्ही वाटांच्या नाक्यावर उभें असल्यामुळें जीर्णोद्धाराची खरी कसोटी तेथेंच लागते. जुनें बोट घासून पुन्हा कामास येत असेल, तर केवळ एक जास्त स्वर मिळावा म्हणून तें फेकून देणें हा उतावळेपणा होय. तें तडकलें असेल, तर नवें घालण्यावांचून गत्यंतर नाहीं. पण मग तें शक्य तों जुन्याच्याच घाटाचें व धातूचें असावें.

लांकडाविषयीं आमचें मत याहून कडक आहे. स्क्रूनें बसविलेली वस्तु पुन्हा काढतां येते. कापलेलें लांकूड पुन्हा जोडतां येत नाहीं. नवी तरफ जुन्याच भोंकांत बसत असेल तर जरूर बसवावी. नवें भोंक पाडण्यापूर्वीं थांबावें. आणि खांच कापावी लागणार असेल, तर जुनी गिटार जशी आहे तशी राहूं देऊन आजच्या गरजेसाठीं आजचीच गिटार घ्यावी हें बरें. पुढच्या पिढीच्या कारागिरास आपलें काम उलट फिरवितां यावें, येवढी सोय ठेवणें हें जीर्णोद्धार करणाऱ्याचें कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट कारागीर मंडळींच्या मनांत सहसा येत नाहीं, पण इतिहासाच्या अभ्यासकास ती सर्वांत महत्त्वाची वाटेल. जुन्या पेडल स्टीलची उलटी बाजू हा एक दस्तऐवज असतो. कोणती सळई कोणत्या तारेस जोडलेली आहे, कोणतें पेडल किती चढवितें, कोठें घरगुती पट्टी ठोकलेली आहे, कोठें बुजविलेलें भोंक आहे, यावरून तिचा मालक कोणत्या काळांत कोणतीं गाणीं वाजवीत होता, कोणाचें अनुकरण करीत होता, व त्यास काय हवें असून मिळत नव्हतें, हें वाचतां येतें. वादकांनीं हें सर्व कागदावर क्वचितच उतरवून ठेवलें. ध्वनिमुद्रिका ऐकून स्वर कळतो, पण तो काढण्यासाठीं कोणता पाय कोठें होता हें कळत नाहीं. तें या सळयांनाच विचारावें लागतें. आपल्याकडे जुन्या देवळांचे जीर्णोद्धार मोठ्या भक्तीनें होतात, आणि त्या भक्तीच्या भरांत शिलालेखावर तैलरंगाचा जाड थर बसतो. देऊळ उभें राहतें, दिवाबत्ती चालू राहते, पण तें कोणी व केव्हां बांधलें हें सांगणारा एकुलता एक साक्षीदार मुका होतो. सळया उचकटून एका डब्यांत टाकणारा कारागीर नेमकें हेंच करीत असतो.

म्हणून स्क्रू ढिला करण्यापूर्वीं खालच्या बाजूचीं छायाचित्रें घ्यावीं, प्रत्येक सळईची जागा लिहून ठेवावी, आणि काढलेले भाग, मोडके असले तरी, पिशवींत घालून वाद्याच्या पेटीबरोबर ठेवावे. यास खर्च जवळजवळ नाहीं व वेळ एका संध्याकाळचा लागतो. येवढें केलें म्हणजे नवी यंत्रणा बसविण्यास आमची हरकत राहत नाहीं. कारण मग जुनी रचना वाद्यांतून गेली तरी जगांतून जात नाहीं. वाद्याचा धर्म वाजणें हाच आहे. सुरांत न राहणारी गिटार कितीही अस्सल असली तरी ती कोणी हातीं धरीत नाहीं, आणि हातीं न धरलेलें यंत्र वापरांतल्या यंत्राहूनही लवकर गंजतें.

बिग्स्बी १९६८ सालीं वारला, शॉट जॅक्सन १९९१ सालीं, आणि बडी एमन्स २०१५ सालीं. पहिल्या पेडलाचें यंत्र ज्यांनीं स्वतःच्या हातांनीं जुळविलें, त्यांस विचारण्याची वेळ निघून गेली आहे. त्यांनीं जुळविलेल्या गिटारी मात्र अजून वाजताहेत, आणि त्यांतील प्रत्येक गिटार एके दिवशीं कोणत्या ना कोणत्या कारागिराच्या मेजावर उलटी होऊन पडणारच आहे. त्या वेळीं त्याच्या हातांत पान्हा असेल. शेजारीं एक वही व पेन्सिलही असावी, येवढीच आमची सूचना आहे.